घोळणा फुटला तेव्हा: एका तातडीच्या विभागाचा अनुभव

जानेवारीतील एका रात्री साडेअकराच्या सुमारास वडिलांचा घोळणा फुटला आणि कांदा हुंगवून, टाळूवर गार पाणी थापूनही अर्ध्या तासात नाकातले रक्त थांबेना, तेव्हा आम्ही पुण्यातील एका खासगी रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठला. वडील एकाहत्तर वर्षांचे असून हृदयात स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतात. नोंदणीच्या खिडकीवर हे दोनदा सांगूनही ‘आधी अर्ज आणि अनामत रक्कम भरा’ एवढेच उत्तर मिळाले.

दरम्यान एका मदतनिसाने वडिलांना बाकावर उताणे निजवून त्यांची मान मागे केली. मान मागे केली की रक्त बाहेर दिसत नाही, पण ते घशातून पोटात उतरते. थोड्याच वेळात वडिलांना काळसर गुठळ्यांची उलटी झाली आणि आईचा धीर सुटला. पुढे वाकून बसणे आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरणे याला ना यंत्र लागते ना पैसे, तरीही पहिली पंचवीस मिनिटे हे कोणीही सांगितले नाही.

निवासी डॉक्टर आल्या आणि चित्र पालटले. ‘काका, पुढे वाका, तोंडाने श्वास घ्या, घशात येईल ते गिळू नका, ट्रेमध्ये थुंका,’ असे सांगून त्यांनी घड्याळ लावून दहा मिनिटे नाक दाबून धरले, मग ऑक्सिमेटाझोलिन या रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या औषधात भिजवलेला कापूस नाकात ठेवला. नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि बहुतेकांचे रक्त तेथूनच येते, हे त्यांनी विजेरीच्या उजेडात मलाही दाखवले. रक्त येणारा तो ठिपका सिल्व्हर नायट्रेट या रक्तवाहिनीचे तोंड बंद करणाऱ्या रसायनाच्या कांडीने डागताच पांढुरका पडला. नाकात पॅक, म्हणजे रक्त दाबून धरणारा बोळा, भरावा लागला नाही. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, उद्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, हेही त्यांनी बजावले. उपचारांबद्दल माझी तसूभरही तक्रार नाही.

बिलात मात्र न भरलेल्या पॅकचे पैसे लावले होते. दाखवून दिल्यावर ते मुकाट्याने वजा झाले. सोबत मिळालेल्या छापील सूचनांतील पहिली ओळ होती: ‘मान मागे करू नये.’ तो कागद नोंदणीच्या खिडकीवरच्याच गठ्ठ्यातून काढून दिला होता.