मिळकतकरात ‘ज्येष्ठ नागरिक सवलत’ मिळवून देतो म्हणणाऱ्यापासून सावध

पुण्यात मिळकतकराची बिलं आली की सोसायट्यांमधून एक माणूस फिरतो. पस्तिशीचा, गळ्यात ओळखपत्र, हातात पीटी-3 फॉर्मांचा, म्हणजे स्वतः राहत्या घराची सवलत मागण्याच्या अर्जांचा, गठ्ठा. त्याने आमचे 16,168 रुपये नेले. आमच्याच इमारतीतली आणखी दोन घरं फसली आहेत, पण लाजेपोटी बोलत नाहीत. म्हणून मी लिहिते आहे.

आमची इमारत रिडेव्हलपमेंटमध्ये गेली आणि 2019 नंतर नव्याने कर आकारणी झाली. त्यामुळे स्वतः राहणाऱ्यांना मिळणारी 40 टक्के सवलत आमच्या बिलात नव्हती. बिल 23,460 रुपये. सवलत हवी तर पीटी-3 भरून द्यावा लागतो हे खरं आहे, आणि त्या माणसाने सुरुवात या खऱ्या गोष्टीपासूनच केली. सोसायटीचं पत्र, मतदान ओळखपत्र, गॅसचं पुस्तक, सगळी कागदपत्रं त्याने बरोबर मागितली. मग हळूच म्हणाला, “काकू, साठीच्या वर असाल तर ज्येष्ठांचे आणखी 10 टक्के बसतात. पण 31 मेच्या आत भरायला हवं.”

यात अविश्वास वाटावा असं काय होतं? मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मिळकतकर 2022 मध्ये माफ झाला. माजी सैनिकांना सूट आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये घर बाईच्या नावावर असलं तर सवलत आहे. एसटीत पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट. मग म्हाताऱ्यांना घरपट्टीत काही मिळत असेल, असं वाटणं हा काय गुन्हा झाला? वयावर सूट देणारी अशी तरतूदच नाही, हे मला नंतर कळलं. मुदतीत कर भरला की बिलातल्या ‘सर्वसाधारण कर’ या एका भागात 5 किंवा 10 टक्के सुटतात, ते सगळ्यांनाच, पंचविशीतल्या पोरालाही. त्याने तेच ‘ज्येष्ठ सवलत’ म्हणून आम्हाला विकलं, आणि तेही पूर्ण बिलावर मोजून.

मी त्याला म्हणाले होते, मुलगी ऑनलाइन भरेल. तो पटकन म्हणाला, “ऑनलाइन भरलंत तर ज्येष्ठ सवलत बसत नाही. ती काउंटरवरच बसते, तीही रोखीने.” तिथेच त्याला दाराबाहेर काढायला हवं होतं. हे वाक्य आजही रात्री आठवतं आणि अंगाचा तिळपापड होतो. महापालिका स्वतः ऑनलाइन भरा म्हणून सांगते आणि हा रोख मागतो! पण ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, रांगेत उभं कोण राहणार? तो समोर बसून कॅल्क्युलेटरवर आकडे दाखवत होता: 40 टक्के वजा, 14,076. त्यातून 10 टक्के वजा, 12,668. हे रोख घेतले. कामाचे 3,500 यूपीआयवर, कुठल्या तरी बाईच्या नावाच्या खात्यात. पीटी-3 ची फी 25 रुपये असते. पंचवीस!

संध्याकाळी शिक्का मारलेली पावती आणून दिली. त्या पावतीवर विसंबून आम्ही निश्चिंत राहिलो. ज्याच्या हाती पावती आहे त्याने आजच महापालिकेच्या संकेतस्थळावर आपला मिळकत क्रमांक टाकून थकबाकी बघा. कागदावरच्या शिक्क्याला काही अर्थ नाही.

फेब्रुवारीत थकबाकीची नोटीस आली. 23,460 अधिक दरमहा 2 टक्क्यांनी शास्ती, म्हणजे दंड, 2,346, एकूण 25,806 रुपये. कर कार्यालयातल्या बाईंनी पावती उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, “ही आमची नाही. पैसे कोणाला दिलेत त्याला विचारा.” मी म्हटलं, तुमच्या शिक्क्याची नक्कल करून माणूस राजरोस फिरतोय, निदान बाहेर एक बोर्ड तरी लावा. तर म्हणे, ते आमच्या टेबलचं काम नाही. शास्ती माफीचा अर्ज वरच्या साहेबांकडे, साहेब मीटिंगमध्ये. चौकीत तर कहरच. रोख दिल्याचा पुरावा काय, हे प्रकरण दिवाणी आहे, यूपीआयचं असेल तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन करा. 1930 वाले म्हणाले, एवढ्या उशिरा पैसे गोठवता येणार नाहीत. वर चौकीतला हवालदार ह्यांच्यासमोर हसून म्हणाला, “शिकलेली माणसं तुम्ही, आजोबा.” चोर मोकळा, आणि उलटतपासणी आमची! कर भरणारे आम्ही, शास्ती भरणारे आम्ही, आणि ऐकून घ्यायचं तेही आम्हीच?

आधार कार्डाची झेरॉक्स देताना तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहा. आमची कोरी प्रत त्याच्याकडे आहे. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. पीटी-3 स्वतः नेऊन द्या किंवा मुलांना पाठवा, आणि आवक क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. यूपीआय करताना पडद्यावर येणारं नाव मोठ्याने वाचा.

25,806 रुपये आम्ही भरले, मुलीने ऑनलाइन. पीटी-3 आता रीतसर दिला आहे. लेखी तक्रार पोलीस ठाण्यात दिली, तिचीही पोच आहे. तो माणूस सोसायटीत येताना सेक्रेटरीची ओळख सांगतो आणि दुपारी दोन ते चारमध्येच येतो, घरात तरुण माणसं नसतात तेव्हा. वॉचमनला आजच सांगून ठेवा.