जिममधली स्टीम की सॉना?
मुंबईतल्या जिमवाले ‘स्टीम-सॉना’ एका दमात म्हणतात, पण घाम काढायच्या या दोन गरम खोल्यांचा स्वभाव वेगळा. स्टीममध्ये तापमान 40 ते 50 अंश, आर्द्रता जवळपास 100 टक्के. घाम वाळतच नाही, म्हणून जीव लवकर घुसमटतो. चोंदलेलं नाक मात्र मोकळं होतं. छताला उतार नसेल तर गरम थेंब थेट टाळूवर! फरशी बुळबुळीत लागली की समजा, रोज घासत नाहीत.

सॉना 70 ते 90 अंश, पण कोरडा. वरच्या बाकावर धग जास्त, नवख्यांनी खालीच बसावं. गळ्यातली चेन आधी काढा, चटका बसतो. जुलैच्या दमट हवेत आमचं मत सॉनालाच. 10 मिनिटं पुरेत, मग भरपूर पाणी प्या. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि काट्यावर जे वजन घटलेलं दिसतं, ते निव्वळ पाण्याचं.