'ब्रेक-इन होऊ द्या' या उत्तरात स्किमरचे पैसे कसे बुडतात

खोक्यावर 1000 लिटर छापलेलं आणि घरचा रीफ टँक, म्हणजे कोरलचा खाऱ्या पाण्याचा टँक, 300 लिटरचा. तिपटीहून जास्त क्षमता, मग काळजी कसली, या हिशेबावर प्रोटीन स्किमर (पाण्यातली सेंद्रिय घाण हवेच्या फेसाबरोबर वर आणून कपात गोळा करणारं यंत्र) घेतला जातो. पहिल्या दिवशी त्याच्या कपामध्ये काहीच येत नाही. विक्रेत्याला विचारलं की उत्तर तयार: "नवीन आहे, ब्रेक-इन होऊ द्या (म्हणजे रुळू द्या), दोन आठवडे थांबा."

हे उत्तर खोटं नाही, आणि मेख तिथेच आहे. नव्या ॲक्रिलिकवर आणि पंपावर कारखान्यातला तेलकटपणा राहिलेला असतो, तो फेस मोडतो. आतल्या भिंतींवर जैविक थर बसेपर्यंत फेस मानेत, म्हणजे कपाखालच्या नळीत, टिकत नाही. त्याला काही दिवस ते दोनेक आठवडे लागतात, चांगल्यातल्या चांगल्या स्किमरलाही. पण माल परत करायची मुदत अनेकदा त्याआधीच संपते. तिसऱ्या आठवड्यातही कपात फिक्या चहासारखं बोटभर पाणी दिसतं, तेव्हा विक्रेता सम्पमधल्या (स्किमर ठेवायच्या टाकीतल्या) पातळीवर, मिठावर, माशांच्या संख्येवर बोट ठेवतो.

ब्रेक-इनवर अवलंबून असतो तो फेस. मात्र पंप हवा किती खेचतो, वीज किती घेतो, शाफ्ट (पंपातला दांडा) कशाचा आहे, सांधे गळतात का, हे पहिल्या दिवशीच कळतं आणि त्यात नंतर फारसा फरक पडत नाही. त्यामुळे फेसाची वाट बघत बसू नये, आधी हवा मोजावी. प्रथिनं आणि इतर सेंद्रिय रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटून वर येतात. हवाच कमी असेल तर पृष्ठभाग कमी, आणि मग खोक्यावरचा आकडा म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

हवा मोजायला मीटर मिळाला तर उत्तम, नाहीतर दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली पुरते. तिचा तळ कापून टाका. बुचाला भोक पाडून त्यात एअर ट्यूब घट्ट बसवा आणि कडा ग्लूगनने बंद करा. बाटली बूच खाली करून उलटी धरा, ट्यूबचं टोक वर धरून कापलेल्या बाजूने पाणी ओता आणि मार्करने खुणा करा, एक साधारण अर्ध्या लिटरवर, दुसरी बरोबर एक लिटर पुढे. ट्यूबमधलं पाणी काढून तिचं दुसरं टोक स्किमरच्या हवेच्या तोंडाला जोडा. सायलेन्सर (हवेचा आवाज कमी करणारा भाग) काढून ठेवा, हवेचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. आता बूच वर आणि कापलेली बाजू खाली, अशी बाटली टँकच्याच पाण्याने भरलेल्या खोल बादलीत टेकवा. स्किमर आतली हवा खेचू लागला की पाणी वर चढतं. बाटली हळूहळू खाली दाबत राहा, आतली आणि बाहेरची पातळी सारखी राहिली पाहिजे. नाहीतर पंपाला उगाच जास्त ओढावं लागतं आणि आकडा कमी दिसतो. खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत किती सेकंद लागले ते मोजा आणि 3600 ला त्या सेकंदांनी भागा. 12 सेकंद म्हणजे ताशी 300 लिटर, 6 सेकंद म्हणजे 600. तीन वेळा मोजून सरासरी घ्या.

हवेच्या छापील आकड्यापेक्षा थोडी कमी हवा भरणं ही फसवणूक नव्हे. पुष्कळदा तो आकडा नुसत्या पंपाचा असतो, आणि स्किमरच्या उभ्या नळीतल्या पाण्याचा दाब आला की ओढ कमी होते. पाणी जितकं खोल तितकी हवा कमी, म्हणून मोजणी कंपनीने सांगितलेल्या खोलीवरच करावी. पण ताशी 900 लिटर हवा छापलेली असताना लिटरमागे 15 सेकंद लागत असतील, म्हणजे ताशी 240 लिटर, तर कुठेतरी पाणी मुरतंय. ट्यूब दुमडलेली नाही आणि व्हेंच्युरीत (हवा ओढणाऱ्या अरुंद तोंडात) काही अडकलेलं नाही एवढं बघून घ्या.

तसं काही नसेल तर हवा बहुधा नकली पंपामुळे कमी पडते. बाहेरचं आवरण नावाजलेल्या पंपासारखं, आत मोटर हलकी. सॉकेटमध्ये लावायच्या वॉटमीटरवर ते उघडं पडतं: लेबलवर 25 वॉट आणि मीटरवर 11. मग इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक) बाहेर काढून बघा. नीडलव्हीलच्या, म्हणजे बुडबुडे बारीक करणाऱ्या त्या चाकाच्या, काड्या वेड्यावाकड्या किंवा तुटक आहेत का, फिरवल्यावर चाक डुलतं का. शाफ्ट पांढरट सिरॅमिकचा असावा. चकचकीत धातूचा असेल तर खाऱ्या पाण्यात गंजण्याची भीती असते. चुंबकावरचं आवरण तडकलं तर आतला चुंबक फुगतो आणि इम्पेलर जाम होतो, तेही नेमकं कुणी घरी नसताना.

एक गोष्ट मात्र नकली नसूनही फसवते. एसी (थेट घरच्या विजेवर चालणाऱ्या) पंपाचा वेग विजेच्या फ्रीक्वेन्सीवर ठरतो. 60 हर्ट्झला मिनिटाला 3600 फेरे घेणारा पंप 50 हर्ट्झला 3000 फेरे घेतो. 60 हर्ट्झच्या बाजारातला उरलेला माल 50 हर्ट्झच्या घरात व्होल्टेज बदलून चालवला तर तो फिरतो खरा, पण हवा कमी ओढतो. लेबलवर व्होल्टेजसोबत हर्ट्झही वाचा.

आता खोक्यावरचे लिटर. हा आकडा ठरवायचं कुठलंही सर्वमान्य मानक नाही. जो सर्वांत मोठा छापतात तो जवळजवळ रिकाम्या टँकसाठीचा. भरपूर मासे आणि रोज भरपूर खाणं असेल तर 'हेवी बायोलोड'चा आकडा धरा. तो दिलेलाच नसेल तर बाकीच्या आकड्यांवरही भरवसा ठेवू नका. उलट बाजूने, "मोठाच घ्या, पुढे कामाला येईल" हा सल्लाही विक्रेत्याच्याच फायद्याचा. रुंद मानेला भरपूर प्रथिनं लागतात. ती नसली की फेस वर पोचत नाही, स्किमर दोन दिवस गप्प आणि एक दिवस चालू.

विक्रेत्यांच्या प्रात्यक्षिकाच्या व्हिडिओंवर तर मुळीच जाऊ नये. पाण्यात थोडंसं वॉटर कंडिशनर (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं द्रव) पडलं किंवा इपॉक्सी पुट्टी नुकतीच लावलेली असली की साधारण स्किमरचाही कप भरून वाहतो. गोड्या पाण्यातलं प्रात्यक्षिकही कुचकामी, कारण तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. साबणाच्या थेंबाने आणलेला फेस वेगळाच. "99 टक्के प्रथिनं काढतो" हा दावाही तसाच. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी 2009-10 च्या सुमारास वेगवेगळ्या बनावटीचे स्किमर मोजून पाहिले, तेव्हा ते पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण 20 ते 30 टक्केच काढताना दिसले. आणि पाण्यात आधीच विरघळलेलं नायट्रेट स्किमर काढत नाही. "नायट्रेट शून्य" म्हणणाऱ्याला एवढंही माहीत नसेल, किंवा माहीत असून तो बोलत असेल.

जुना स्किमर घेताना त्या टँकमध्ये तांब्याचं औषध कधी घातलं होतं का ते विचारा. तांबं कोरल आणि कोळंब्यांना मारक असतं. ॲक्रिलिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर ते बहुधा स्पिरिटने पुसलेलं असतं आणि सांध्यात कधीही फुटू शकतं.

विक्रेत्याचं म्हणणं कधीकधी बरोबरही असतं. सम्पमध्ये ठरलेल्या उंचीची आडभिंत नसेल तर बाष्पीभवनाने पातळी रोज उतरते आणि धड स्किमरही बिघडल्यासारखा वागतो. म्हणून मोजणीच्या व्हिडिओत सम्पमधली पातळी पट्टीसह दाखवा, वॉटमीटर आणि बाटलीही त्याच एका सलग चित्रणात येऊ द्या. विकत घेण्याआधीच लेखी विचारून ठेवावं: किती खोलीवर ताशी किती लिटर हवा? आकडा कमी भरला तर त्याच दिवशी व्हिडिओ पाठवा, मुदत लेखी वाढवून दिल्याशिवाय ब्रेक-इनसाठी थांबू नका. परत पाठवण्याआधी स्किमर पंधरा मिनिटं गोड्या पाण्यात चालवून पूर्ण वाळवा. मिठाचे पांढरे डाग दिसले की "वापरलेला माल" म्हणून तो नाकारला जातो.