रबरी गरम पाण्याची पिशवी: यकृत-आतड्याच्या जुनाट दुखण्यात कितपत कामाची?

पोटातल्या मुरड्याला ही पिशवी खरंच उतार देते. यकृताच्या सिरोसिसमध्ये (यकृतावर कायमचे व्रण पडून ते कडक होणं) आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या टाळाव्या लागतात आणि पॅरासिटामॉलही बहुधा दिवसाला २ ग्रॅमपर्यंतच घेता येतं, त्यामुळे शेकाला महत्त्व येतं. मूळ आजारावर मात्र तिचा काही परिणाम नाही.

उकळतं पाणी ओतू नका, रबर लवकर चिरतं. दोन-तृतीयांश भरा, पिशवी दाबून हवा काढा आणि मगच बूच लावा. हवा राहिली की पिशवी फुगते आणि पोटावर नीट बसत नाही. कापडी खोळ हवीच. एका वेळी १५-२० मिनिटं पुरेत. तोंडाजवळ फुलासारखा शिक्का असेल तर मधला आकडा उत्पादनाच्या वर्षाचा, पाकळ्या महिन्यांच्या. दोन वर्षांनी पिशवी बदला, दिसायला धडधाकट असली तरी.

खरा दोष वेगळाच. रोज त्याच जागी शेकल्याने त्वचेवर जाळीदार तपकिरी डाग पडतात, ते लवकर जात नाहीत. जलोदराने, म्हणजे पोटात पाणी साठल्याने, ताणलेल्या कातडीवर किंवा यकृताच्या आजाराने गुंगी येत असेल तर ही पिशवी नकोच. चटका बसलेला कळत नाही.

थंडी वाजून ताप, वाढती कावीळ, काळी शौच किंवा दगडासारखं कडक पोट असेल तर शेकत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. जलोदरात नुसता ताप आणि पोटदुखीसुद्धा पोटातल्या पाण्याच्या संसर्गाची खूण असू शकते; ते पाणी सुईने काढून त्याच दिवशी तपासावं लागतं.