बागेतलं लाकडी वर्कशॉप, स्वतःच्या हातचं : १४ महिन्यांनंतर

बांधून झालं त्या दिवशी काढलेल्या फोटोंत माझं वर्कशॉप फार देखणं दिसतं. तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी डोळे मिटून "बांधाच" म्हटलं असतं. आता १४ महिने झाले, आठवड्यातले चार-पाच दिवस मी त्यात असते. आख्खा पावसाळा, कडक उन्हाळा आणि मधले दमट दिवस त्याने पाहिले. आजही "बांधाच" म्हणेन, पण पुढचा तासभर मी छप्पर, जोतं आणि दार यांच्याबद्दलच बोलत बसेन.

आधी काय बांधलं ते सांगते. आतून ४.२ मीटर लांब, ३ मीटर रुंद. खाली काँक्रीटचा कोबा, त्यावर ९५ बाय ४५ मिलिमीटर लाकडाचा सांगाडा, आतून प्लायवूड, बाहेरून एकीवर एक चढवलेल्या आडव्या फळ्या, वर एका बाजूला उतरता पत्रा, पुढे दोन पाखांचं दार. याआधी मी एक पुस्तकांचं कपाट आणि दोन स्टुलं केली होती. त्यातलं एक अजून डुगडुगतं. सहा शनिवार-रविवारांत होईल असा अंदाज होता, एकोणीस लागले. दादा पाच वेळा मदतीला आला. भिंती उचलून उभ्या करायला दोन माणसं हवीतच, बाकी जवळजवळ सगळं एकटीला जमतं.

सगळे घाबरतात सांगाड्याला, आणि तोच सगळ्यात सोपा निघाला. भिंतीची चौकट जमिनीवर आडवी ठेवून जोडायची, दोन्ही कर्ण टेपने मोजायचे, सारखे आले की चौकट गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात. नाही आले तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हातोड्याचे चार ठोके. कोब्याची आखणी ३-४-५ च्या त्रिकोणाने केली (बाजू या प्रमाणात असल्या की कोपरा काटकोनच येतो), सुतळी आणि चार खुंट्या एवढ्यावर. पण माझी सगळ्यात मूर्ख चूकही इथेच झाली. उभे खांब मी मध्यापासून मध्यापर्यंत ६०० मिलिमीटरवर आखले, कारण ६०० हा आकडा गोड वाटतो. प्लायवूडचा ताव असतो १२२० मिलिमीटर रुंद, आणि त्याची कड ठोकायला खाली खांब लागतो. पहिल्या तावाची कड खांबाच्या पार कडेला आली, दुसऱ्याची खांब सोडून १७ मिलिमीटर हवेत, तिसऱ्याची त्याहून पुढे. तिसरा ताव हातात धरून उभी असताना मला २० चा पाढा आठवला. दादा म्हणाला, "तू ऑफिसात दिवसभर आकडेच बघतेस ना गं?" मग दोन खांबांना बाजूने जोडपट्ट्या ठोकल्या. ६१० वर आखलं असतं तर हे झालंच नसतं. लाकूड कापायला घेण्याआधी तावाचं माप कागदावर मांडून बघा, एवढंच.

भिंती आजही ओळंब्यात आहेत. सांगाड्याने मला एक दिवसही त्रास दिलेला नाही. त्रास दिला तो पाण्याने, आणि बहुतेक वेळा मीच त्याला वाट करून दिली होती.

कोबा मी भिंतीपेक्षा चारी बाजूंनी १० सेंटिमीटर मोठा ओतून घेतला. म्हटलं, जरा ओटा असावा, शोभून दिसेल. पावसात फळ्यांवरून ओघळणारं पाणी त्या ओट्यावर पडायचं, तिथेच थांबायचं आणि भिंतीच्या तळपट्टीखाली शिरायचं. खाली ओलरोधक पट्टी घातली होती, पण ती खालून येणारी ओल अडवते. बाजूने येणाऱ्या पाण्याचं ती काय करणार? सातव्या महिन्यात मागच्या कोपऱ्यात तळपट्टी काळपट दिसायला लागली. ओलमापक टोचला तर २४ टक्के. बाकी ठिकाणी १३-१४ होते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी धरत नाही, म्हणजे तो कोपरा सरळसरळ तिच्या ताब्यात चालला होता. आणि तो नेमका कापलेल्या टोकाशीच. लाकूड आतल्या धाग्यांच्या नळ्यांतून पाणी ओढतं, त्यामुळे कापलेलं टोक कडेपेक्षा कितीतरी जोरात पितं. मी रसायन मुरवलेलं लाकूड आणलं होतं, पण ते रसायन वरच्या थरातच असतं; करवत चालवली की आतलं उघडं लाकूड बाहेर येतं. त्या टोकांना पुन्हा ब्रशने हात द्यायचा असतो, हे माहीत होतं. आठ टोकांना दिला, नववं राहून गेलं.

उपाय सोपा होता, फक्त पाठ मोडली. ओट्यावर बाहेरच्या बाजूला उतार देणारा सिमेंटचा थर चढवला आणि छपराच्या खालच्या बाजूला पन्हळ लावली. आधी पन्हळ लावली नव्हती, कारण पागोळ्या पडताना छान दिसतात. दिसतात खऱ्या, पण त्यांचे शिंतोडे गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत फळ्या भिजवतात. आता त्याच कोपऱ्यात ओलमापक १६ दाखवतो. पुन्हा बांधलं तर कोबा भिंतीच्या मापाचाच करीन आणि सगळ्यात खालची फळी त्याच्या कडेच्या खाली उतरवीन, म्हणजे पाणी सरळ मातीत.

छपराची गोष्ट जास्त लाजिरवाणी आहे. उतार ठीक होता, ३ मीटरला ४० सेंटिमीटर. गळती आजवर एक थेंब नाही. तरी दुसऱ्या महिन्यात एका सकाळी टेबल सॉच्या, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीच्या, बिडाच्या पाट्यावर गंजाचे ठिपके दिसले. विखुरलेले नव्हते, फूटपट्टीने आखल्यासारखे एका रांगेत, बोटभर अंतरावर एकेक. मी पत्र्याच्या स्क्रूंना दोष दिला, वर चढून सगळे आवळले. आठवड्याने पुन्हा तीच रांग. शेवटी एक दिवस पहाटे जाऊन बॅटरी मारली तेव्हा कळलं : पत्र्याच्या खालच्या अंगाला दव धरलं होतं. निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो, आतली दमट हवा त्याला टेकली की पाणी सुटतं. ते थेंब उतारावरून घरंगळत येतात, आडव्या रिपेला अडतात आणि तिथून खाली पडतात. रिपेच्या बरोबर खाली माझा सॉ होता.

यात भर घातली होती मी. वळचणीखालच्या फटी दिसल्या की त्या फोमने बुजवायच्या, हा छंदच लागला होता मला. वाटायचं, किती बंदिस्त, किती नीटनेटकं! म्हणजे दमट हवा आत कोंडली आणि वर गार झाकण ठेवलं. मग फोम खरवडून काढला, वरच्या आणि खालच्या दोन्ही वळचणींना बारीक जाळी लावली, पत्रे उतरवून खाली प्लायवूड आणि डांबरी कागद घातला, आणि त्या कागदावर ५० मिलिमीटरच्या पट्ट्या मारून पत्रा परत बसवला, म्हणजे मधून वारा खेळतो. दोन शनिवार-रविवार गेले. ठिपके थांबले. पाटा घासून मेण चोळलं, पण उजेड तिरका पडला की ती रांग अजून पुसट दिसते.

पाण्याचा तिसरा प्रसाद म्हणजे दार. १५० मिलिमीटर रुंदीच्या सहा फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून प्रत्येक पाख केलं. कोरड्या हवेत केलं, कौतुक वाटावं असं बसलं. पाऊस लागला आणि तिसऱ्या आठवड्यात दार उघडेना. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगतं, आणि खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने कापलेली फळी तर दुप्पट. एकेक फळी दीड-दोन मिलिमीटर वाढली तरी सहा फळ्यांचं मिळून सेंटिमीटर होतं, आणि मी चौकटीत फट ठेवली होती ३ मिलिमीटर! रंध्याने कड काढली. उन्हाळ्यात दार आकसलं आणि आता फटीतून मांजर डोकं घालते.

शिवाय उजवं पाख खाली झुकलंय, त्याला लाकूड जबाबदार नाही. दाराच्या मागे तिरपी पट्टी मारतात ती बिजागरीच्या बाजूला खालून सुरू होऊन मोकळ्या बाजूला वर जायला हवी; मग दाराचं वजन तिच्यावर दाबून बसतं. डाव्या पाखाला ती मी बरोबर मारली. मग तेच पाख साचा म्हणून खाली ठेवून उजवं बनवलं, हुबेहूब. ते आरशातल्यासारखं उलटं हवं होतं, हे बिजागऱ्या लावतानाही माझ्या डोक्यात आलं नाही.

आता वापराबद्दल. जागा लहान वाटते का? हातकामाला अजिबात नाही. आख्खा ताव कापायचा तर हो. २४४० लांबीचा ताव सॉवरून न्यायला पात्याच्या अलीकडे तेवढी आणि पलीकडे तेवढी जागा हवी, म्हणजे जवळपास ५ मीटर, माझ्याकडे ४.२. म्हणून सॉ मी दाराच्या रेषेत ठेवला आहे, कापलेला ताव दारातून बागेत निघतो. पावसात हे बंद. तेव्हा ताव जमिनीवर थर्मोकोलच्या पाट्यावर ठेवून हातातल्या गोल करवतीने आधी ढोबळ तुकडे करते, मग सॉवर नेमके. खरं तर आता मी बहुतेक वेळा हेच करते.

खिडकी एकच ठेवली, ज्या बाजूने सूर्य थेट येत नाही तिथे, आणि हा निर्णय मला अजून आवडतो. दिवसभर सारखा उजेड, टेबलावर झगझगाट नाही, आखलेली रेघ नीट दिसते. कामाचं टेबल तिच्याखाली, उंची ८७ सेंटिमीटर. उभं राहून हात सोडले की मनगटाचा सांधा जिथे येतो तिथे. रंध्याला ही उंची छान, बारीक कोरकामाला कमी पडते, तेव्हा खाली ठोकळे सरकवते.

विजेच्या कामाला मी हात लावला नाही आणि तुम्हीही लावू नका. इलेक्ट्रिशियनने घरातून जमिनीखालून जाड कवचाची केबल आणली आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक बसवला, म्हणजे वीज कुठे गळू लागली की पुरवठा तोडणारा. त्याने सुचवलेली एक गोष्ट मला स्वतःला सुचली नसती : दिवे वेगळ्या सर्किटवर. एकदा फणसाने, म्हणजे मी लाडाने असं म्हणते त्या जुन्या सॉने, भार घेतला आणि सर्किट पडलं. पातं अजून गरगरत होतं आणि दिवा चालू होता. अंधारात ते पातं कुठे आहे याचा अंदाज घेत उभं राहायची वेळ आली नाही.

आवाजाचा विचार कमी केला. पातळ भिंतींचं वर्कशॉप ढोलासारखं वाजतं. खांबांच्या मध्ये खनिज लोकर भरल्यावर पुष्कळ फरक पडला, तरी सॉ मी संध्याकाळनंतर लावत नाही. भुसा मात्र सगळीकडे जातो. मोठ्या ढलप्या झाडून निघतात; जो बारीक धुरळा दिसत नाही तोच छातीत बसतो, म्हणून व्हॅक्यूमची नळी यंत्रालाच जोडलेली असते आणि तोंडाला मास्क असतो.

बाहेरच्या फळ्यांना मी पारदर्शक तेल लावलं होतं. ऊन पडणारी बाजू वर्षाच्या आत राखाडी झाली, कारण उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन, म्हणजे त्याचे धागे एकत्र धरून ठेवणारं द्रव्य, मोडतात आणि पारदर्शक तेल त्यांना फारसं अडवत नाही. मला तो रंग आवडतो. घरात इतर कुणाला आवडत नाही.

उरलंय ते उजवं दार. नव्या फळ्या आणून तीन आठवडे झाले. वर्कशॉपमध्येच, मध्ये पट्ट्या घालून थप्पी लावली आहे, म्हणजे आतल्या हवेशी त्यांचं जुळेल. काल ओलमापक १४ वर होता. या वेळी खाचेत बसणाऱ्या फळ्या घेतल्या आहेत, दोघींमध्ये दोन मिलिमीटर मोकळे ठेवीन, आणि तिरप्या पट्टीची दिशा फळीवर खडूने मोठा बाण काढून आत्ताच लिहून ठेवली आहे. दादा रविवारी येतोय.