'बेस्ट कराटे'चा पाचवा भाग: दोन फोटोंच्या मधलं काय?

शोतोकान या कराटे शैलीचे गुरू मासातोशी नाकायामा यांच्या 'बेस्ट कराटे' या 11 भागांच्या इंग्रजी मालिकेतला पाचवा भाग हेआन आणि तेक्की या कातांचा (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचा) आहे. हेआनचे पाच, तेक्कीचे तीन. शोतोकान शिकणाऱ्याला सुरुवातीच्या बेल्ट परीक्षांना लागणारे काता यात एकत्र मिळतात.

पैसे मोजण्याआधी आपल्या क्लासची शैली मात्र विचारून घ्या. शितो-र्यू आणि वाडो-र्यू या दुसऱ्या शैलींमध्ये हेआनचेच काता 'पिनान' नावाने शिकवतात. शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी यांनी पहिल्या दोन कातांचा क्रम उलटा केला, त्यामुळे पुस्तकातला हेआन शोदान तिकडे पिनान निदान ठरतो. शितो-र्यूचे पवित्रेही आखूड आणि उंच असतात. तिथला विद्यार्थी हे पुस्तक बघून घोटायला लागला, तर सेन्सेईंच्या शिव्या नक्की.

पुस्तकाची खरी ताकद पायांमध्ये आहे. कुठला पाय हलतो, कुठल्या दिशेला जातो, कुठे थांबतो, हे फोटोंवरून आणि पावलांच्या आकृत्यांवरून स्पष्ट कळतं. हेआन शोदानच्या हालचाली 21, किआई (जोराची आरोळी) नवव्या आणि सतराव्या हालचालीला. झेनकुत्सु-दाचीची (पुढच्या पायावर भर असलेल्या पवित्र्याची) लांबी मोठ्या माणसाला साधारण 80 सेंटीमीटर, म्हणजे दोन फुटी फरशीची एक फरशी आणि वर तिसरा हिस्सा. समोर चार पावलं, डाव्या-उजव्या बाजूला दोन-दोन. त्यामुळे 15 बाय 15 फुटांची मोकळी जागा पुरते. सुरुवातीच्या जागेवर खडूने फुली मारा. काता संपल्यावर फुलीपासून हातभर लांब असाल, तर परतीची पावलं आखूड पडलीत किंवा एखादं वळण फसलंय.

बहुतेक वेळा वळणच फसतं. नववी हालचाल, म्हणजे आगे-उके (वरचा वार अडवणं), झाली की उजवा पाय पुढे असतो. त्यावर फिरून मागचा डावा पाय 270 अंशांत न्यायचा असतो. शिकणारा तो पाय उजव्या पायाच्याच रेषेत ठेवतो, पवित्र्याला रुंदीच उरत नाही आणि गेदान-बराई (खालचा वार झाडून अडवणं) करताना तोल जातो. पाऊल खांद्याइतकं रुंद पडलं पाहिजे. अठराव्या हालचालीलाही असंच वळण आहे, पण तिथे उतरायचं कोकुत्सु-दाची या पवित्र्यात: टाचा एका रेषेत, सुमारे 70 टक्के वजन मागच्या पायावर. दोन्ही वळणं वरवर सारखी, मात्र पावलांची जागा वेगळी. आकृत्या शेजारी-शेजारी धरून बघितल्या की फरक लगेच लक्षात येतो. या एका कामासाठीसुद्धा पुस्तक जवळ असावं.

आता उणी बाजू. फोटो हालचाल संपल्यानंतरचा असतो. गेदान-बराईत मूठ विरुद्ध खांद्याजवळून निघते, दुसरा हात आधी पुढे जातो आणि मग कमरेशी ओढला जातो. हे ओढणं म्हणजे हिकिते. ती आणि कंबर एकाच क्षणी थांबल्या तरच अडवणाऱ्या हाताला जोर येतो. नुसत्या चित्रावरून घोटणाऱ्याचा हात नेमक्या जागी पोचतो, कंबर मात्र अर्धा क्षण आधीच पोचलेली असते. चौथ्या हालचालीत तेत्सुई (मुठीचा हातोड्यासारखा वार) मारताना पुढचा पाय आत ओढायचा असतो. तो ओढणं राहिलं की उरतं ते नुसतं हात फिरवणं. ओई-झुकीत (पाऊल पुढे टाकत मारलेल्या ठोशात) पुढे जाणारा पाय आधाराच्या पायाजवळून आत वळत जातो आणि डोक्याची उंची बदलत नाही. पाऊल टाकताना डोकं खाली-वर होतंय, हे पुस्तक तुम्हाला कसं सांगणार? आपल्याकडे तालमीत वस्ताद कमरेला हात लावून पवित्रा बसवतो, मर्दानी खेळातही तसंच. तो हात कागदात नाही.

तेक्कीची पानं तर फसवी आहेत. सगळा काता एका सरळ रेषेत डावीकडे-उजवीकडे, किबा-दाचीत (घोड्यावर बसल्यासारख्या पवित्र्यात), वळण नाही. चाळताना वाटतं, हा तर आठवड्यात होईल. तेक्की शोदानच्या 29 हालचाली पाठ होतीलही. पण पाय जागेवर घट्ट ठेवून फक्त कमरेतून जोर काढायचा, हे फोटोत दिसतच नाही. गुडघे आत पडतात, पावलं बाहेर वळतात आणि चित्राशी ताडून पाहिलं तर सगळं ठीकच वाटतं. तेक्की एकट्याने पुस्तकावरून सुरू करू नये, असं आमचं स्पष्ट मत.

फोटोंबद्दल आणखी एक. माणूस कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याचा डावा हात तुमच्या उजवीकडे दिसतो. मजकुरातला 'लेफ्ट-राइट' मोठ्याने म्हणत करा, चित्राची नक्कल नको. झेरॉक्स काढून स्पायरल बाइंडिंग करणारे बरेच आहेत. पांढऱ्या गीच्या (कराटेच्या पोशाखाच्या) घड्या आणि बोटांची ठेवण त्यात पुसट होते, शुतो-उकेत (उघड्या तळहाताच्या कडेने अडवताना) अंगठा कुठे आहे तेच कळत नाही. मूळ प्रत घ्या, नाहीतर क्लासमध्ये दोघा-तिघांत एक.

वापरायची पद्धत साधी ठेवा. क्लासमध्ये शिकवलेल्या तीन-चार हालचाली घरी पुस्तकाशी ताडायच्या, पुढचं पान उलटायचं नाही. मोबाइल कमरेच्या उंचीवर ठेवून बाजूने एक व्हिडिओ काढला, तर डोक्याचं खाली-वर होणं आणि हिकितेचा उशीर दोन्ही पकडता येतात. जागा सपाट हवी. रंकाळ्याच्या काठावर सकाळची हवा छान, पण उंचसखल जमिनीवर कोकुत्सुची टाच घसरते. आणि जूनपासून गच्चीवर शेवाळ धरतं, तेव्हा 270 अंशांचं वळण घरातल्या कोरड्या फरशीवरच करा.

पिवळ्या बेल्टच्या पुढे गेलेल्याने जरूर घ्यावं. पांढऱ्या बेल्टवाल्याने ते पैसे क्लासच्या फीला ठेवावेत.