गर्भाशयमुखाचा दुर्मीळ कर्करोग: जनुकीय तपासणी कोणती करावी?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बहुतेक रुग्णांना जनुकीय तपासणीचा प्रश्न सुरुवातीला पडत नाही, कारण नेहमीच्या स्क्वॅमस प्रकारात उपचारांची दिशा बरीचशी ठरलेली असते. बायोप्सीच्या अहवालात ‘स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन’ (लहान पेशींचा) किंवा ‘गॅस्ट्रिक टाइप अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ (जठरातल्यासारख्या ग्रंथिपेशींचा) असे लिहून आले, की मात्र नाशिकमधल्या कुटुंबापुढे तीन पर्याय येतात: काढलेल्या तुकड्यावर मोजक्या प्रथिनांची तपासणी, त्याच तुकड्यावर शेकडो जनुकांचे पॅनेल, किंवा रक्तावरची ‘लिक्विड बायोप्सी’. निवड प्रयोगशाळेच्या माहितीपत्रकावरून न करता, आजार या दोहोंपैकी कोणता आहे यावरून करावी, असे माझे मत आहे.

स्मॉल सेल प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत शंभरात जेमतेम एक-दोन रुग्णांत आढळतो. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगात टीपी-५३ आणि आरबी-१ ही पेशींची बेसुमार वाढ रोखणारी दोन राखणदार जनुके जवळजवळ नेहमीच बिघडलेली असतात. गर्भाशयमुखात ही राखण मोडण्याचे काम बहुधा एचपीव्ही विषाणूची, विशेषतः १८ आणि १६ या प्रकारांची, ई-६ आणि ई-७ ही प्रथिने करतात. त्यामुळे ती जनुके पुष्कळदा शाबूत दिसतात. पीआयके-३-सीए, के-रास आणि काहींत मात्र टीपी-५३ या जनुकांतले बदल सापडतात, पण कोणताही एक बदल सर्व रुग्णांत नसतो आणि सापडलेल्या प्रत्येक बदलावर औषध असतेच असे नाही. के-रासच्या एका विशिष्ट बदलावरची औषधे उपलब्ध आहेत, पण ती त्याच जनुकाच्या इतर बदलांवर चालत नाहीत, हे अहवालातील ठळक अक्षरे पाहून हुरळून जाणाऱ्या नातेवाइकांनी लक्षात घ्यावे. शिवाय हा आजार फार वेगाने पसरतो. सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइड ही केमो पॅनेलच्या अहवालासाठी थांबवून ठेवणे मला कोणत्याही परिस्थितीत योग्य वाटत नाही. तपासणी चालू राहू द्यावी आणि केमो सुरू करावी.

गॅस्ट्रिक प्रकाराचे गणित वेगळे आहे. त्याचा एचपीव्हीशी संबंध नसतो, म्हणून एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह येऊनही तो असू शकतो, आणि केमो-रेडिएशनला तो नेहमीच्या प्रकारांइतका दाद देत नाही. यात टीपी-५३, के-रास, सीडीकेएन-२-ए, एसटीके-११ यांतले बदल आणि काही रुग्णांत हर-२ या पेशींची वाढ चेतवणाऱ्या प्रथिनाचे वाढलेले प्रमाण आढळते. हर-२ची तपासणी येथे आवर्जून करावी, कारण ती ३+ (म्हणजे सर्वांत ठळक पॉझिटिव्ह) आली आणि आधीचे उपचार निष्फळ ठरले, तर ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान या औषधाचा विचार करता येतो. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये त्याला अवयव कोणताही असला तरी अशा रुग्णांसाठी मान्यता मिळाली. एसटीके-११मुळे आणखी एक प्रश्न उभा राहतो. गाठीतले बहुतेक बदल फक्त गाठीपुरते असतात आणि लेकीबाळींकडे जात नाहीत. परंतु हे जनुक जन्मतःच सदोष असेल, तर तो पॉइट्झ-जेगर्स हा आनुवंशिक विकार असतो. ओठांवर काळसर ठिपके, आतड्यात पॉलिप असा इतिहास घरात असल्यास रक्ताची स्वतंत्र आनुवंशिक तपासणी आणि समुपदेशन घ्यावे. गाठीच्या पॅनेलवरून तो निष्कर्ष काढू नये.

आता तपासण्यांकडे वळू. हर-२, पीडी-एल-१ (गाठीला प्रतिकारशक्तीपासून लपवणारे प्रथिन) आणि डीएनएतील चुका दुरुस्त करणारी चार एमएमआर प्रथिने यांची तुकड्यावरची तपासणी सर्वांत स्वस्त असून काही दिवसांत अहवाल मिळतो. दोन्ही प्रकारांत सुरुवात येथूनच करावी. चारपैकी एखादे एमएमआर प्रथिन नाहीसे झालेले दिसले, तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांचा, आधार मिळतो. मोठ्या पॅनेलचा खर्च कित्येक पटींनी जास्त असतो आणि अहवालाला काही आठवडे लागू शकतात. गॅस्ट्रिक प्रकारात आजार पसरलेला असेल तर मी ते लवकर करावे असे म्हणेन. स्मॉल सेलमध्ये खर्चाची ओढाताण असल्यास आजार उलटेपर्यंत थांबणेही समर्थनीय आहे.

लिक्विड बायोप्सी सुईच्या एका टोचणीत होते, हे तिचे मोठे आकर्षण. परंतु गाठीने रक्तात पुरेसा डीएनए सोडलेला नसेल, तर अहवाल रिकामा येतो आणि ‘काही सापडले नाही’ याचा अर्थ ‘बदल नाहीत’ असा होत नाही. त्याशिवाय वाढत्या वयात रक्तपेशींत आपोआप होणारे टीपी-५३सारखे बदल गाठीचे समजले जाण्याचा धोका असतो. प्रथिनांची तपासणीही रक्तावर होत नाही. तुकडा संपलेला असेल किंवा दुसरी बायोप्सी धोक्याची असेल, तरच लिक्विड बायोप्सी निवडावी.

म्हणून त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये असो वा खासगी रुग्णालयात, बायोप्सी झाल्यावर पॅथॉलॉजिस्टना एवढे विचारावे, की बायोप्सी जपून ठेवलेल्या मेणाच्या ब्लॉकमध्ये पॅनेलपुरता तुकडा शिल्लक आहे का आणि गाठीच्या पेशींचे प्रमाण किती आहे. पॅनेल मुंबई, पुणे किंवा बंगळुरूला पाठवायचे झाल्यास, किंवा परळच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्यायचे असल्यास, तोच ब्लॉक लागतो. त्यामुळे स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही पावती घेऊनच बाहेर न्यावेत आणि काम झाल्यावर परत मागून घ्यावेत.